मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, पण आम्ही आईबापांनी कुठे जायचं?

कराडजवळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: मुलगा २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना संशय घ्यायला लागला, मग आवाज ऐकू यायला लागले. आठ महिन्यांपूर्वी स्किझोफ्रेनिया असं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. नवरा या विषयावर एक शब्द बोलत नाही, सासरचे म्हणतात बाहेरचं बघून घ्या, धाकटी मुलगी बारावीला आहे. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात ती मुलाचीच. "आमच्यासाठी कुठे ग्रुप असतो का, थेरपी घ्यायची तर नेमकी कुणाकडे, आणि लोक विचारतात मुलगा काय करतो तेव्हा काय सांगू?"

ताई, मी सायकिॲट्रिक सोशल वर्कर आहे, चोवीस वर्षं हेच काम करतेय, आधी सरकारी दवाखान्यात आणि नंतर पालकांचे गट चालवण्यात. तुमच्यासारखा प्रश्न पहिल्या वर्षात फार कमी आईबाप विचारतात. बहुतेक जण पहिली दोन-तीन वर्षं फक्त मुलाचंच बघतात आणि स्वतः पार मोडले की मग येतात. तुम्ही आठव्या महिन्यात विचारताय हे फार बरं झालं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण तुम्ही ती लिहिली नसलीत तरी ती तुमच्या मनात असणार. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन नावाच्या एका नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी "स्किझोफ्रेनोजेनिक मदर" असा शब्द वापरला, म्हणजे आजार निर्माण करणारी आई, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगभरातल्या आयांना डॉक्टरांसमोर आरोपीसारखं बसावं लागलं. ती कल्पना पुढे पुराव्याअभावी पूर्ण मोडीत निघाली. हा मेंदूचा आजार आहे, त्यात अनुवंशिकतेचा भाग असतो, ताणाने तो उफाळतो, गांजासारख्या नशेने धोका वाढतो, पण तुम्ही लहानपणी ओरडलात किंवा हॉस्टेलला ठेवलंत म्हणून स्किझोफ्रेनिया होत नाही. साधारण शंभरातल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो आणि मुलग्यांमध्ये तो बऱ्याचदा अगदी याच वयात, कॉलेजच्या मधोमध येतो. तुमच्या तालुक्यात अशी किती घरं असतील याचा अंदाज करा, फक्त ती बोलत नाहीत.

आता ग्रुप आणि थेरपी. लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि मग चुकीच्या ठिकाणी चुकीची अपेक्षा घेऊन जातात. ग्रुपमध्ये तुमच्यासारखेच लोक असतात, तिथे कुणी तुमच्यावर उपचार करत नाही, पण "रात्री दोनला तो गच्चीवर जाऊन बोलत बसतो" असं तुम्ही म्हणालात की दहातल्या सात माना हलतात, आणि हे कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. थेरपीमध्ये एक शिकलेला माणूस तुमच्या घराचा, तुमच्या मनाचा विशिष्ट गुंता घेऊन ठरावीक बैठकांमध्ये त्यावर काम करतो. माझा अनुभव असा की तुमच्या टप्प्यावर आधी ग्रुप, मग थेरपी. अपवाद एकच, तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल तर ग्रुपची वाट बघू नका, आधी तुम्हीच डॉक्टरांना भेटा.

ग्रुप कुठे शोधायचा? तुम्हाला जवळचं मोठं ठिकाण पुणे. तिथे धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, लोक तिला सा म्हणतात. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता, म्हणजे संस्थेची सुरुवातच एका घरच्या माणसाने केलेली आहे. मराठीत "शुभार्थी" आणि "शुभंकर" हे शब्द तिथूनच पसरले. शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. पेशंट, वेडा, मेंटल या शब्दांनी दमलेल्या माणसाला हे शब्द पहिल्यांदा ऐकताना काय वाटतं ते मी अनेकदा बघितलंय. एक आजोबा मला म्हणाले होते, बारा वर्षं मी वेड्याचा बाप होतो, आज शुभंकर झालो. पुण्यातच एकलव्य फाउंडेशनचे स्वमदत गटही आहेत. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही संस्था आहे, तिथे वेगवेगळ्या आजारांसाठी आधारगट चालतात. यातलं काहीही ठरवण्याआधी एक फोन करा, वार आणि वेळ बदलत असतात, आणि फोनवर स्पष्ट विचारा की हा गट शुभंकरांचा आहे की दोघांचा एकत्र, कारण पहिल्या वेळी मुलाशिवाय जाणं तुम्हाला सोपं पडेल. ऑनलाइन मीटिंग असते का तेही विचारून घ्या, कोविडनंतर बऱ्याच गटांनी ती सोय ठेवलीय आणि कराडहून दर वेळी पुणे गाठणं घरात असं माणूस असताना जमणारं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे तुमचं जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसोपचार विभाग असतो, औषधं फुकट मिळतात आणि टीममध्ये सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर अशी पदं असतात. लोक डॉक्टरांना भेटून गोळ्या घेऊन परत जातात, सोशल वर्करचं टेबल कुठे आहे ते कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. "आम्ही घरचे आहोत, आम्हाला आजार समजावून सांगा, आणि अजून अशी कुटुंबं असतील तर आमचा नंबर त्यांना द्या" एवढं म्हणा. आमच्या गटातली निम्मी घरं अशीच सापडली होती.

आणि तिसरं, टेली मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लोकांना वाटतं ही फक्त आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी आहे, तसं नाही, घरच्या माणसानेही करायचा फोन आहे. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञाला जोडून देतात. तुमच्या जिल्ह्यात कुठे काय सोय आहे तेही विचारता येतं. एक सूचना, पहिला फोन करायला अगदी कोसळायची वाट बघू नका, आजच दुपारी मुलगा झोपलेला असताना एकदा करून बघा म्हणजे खरी वेळ येईल तेव्हा तो नंबर अनोळखी वाटणार नाही.

आता पहिल्यांदा ग्रुपला गेल्यावर काय होईल ते सांगते, कारण बरेच जण एकदा जातात आणि परत जात नाहीत आणि त्याला कारण आहे. तिथे तुम्हाला वीस-वीस वर्षं आजार असलेल्या मुलांचे आईबाप भेटतील. कुणी सांगेल माझा मुलगा तीन वेळा ॲडमिट झाला, कुणी सांगेल मुलीचा संसार मोडला. तुमचं तर आत्ता आठ महिने झालेत, ऐकून पोटात गोळा येईल की आपलंही असंच होणार. तेव्हा एक लक्षात ठेवा, ज्यांची मुलं सावरली, नोकरीला लागली, ते हळूहळू ग्रुपला येईनासे होतात. म्हणजे खोलीत बसलेली माणसं म्हणजे सगळं चित्र नाही, ज्यांना जास्त त्रास आहे ते जास्त दिसतात एवढंच. म्हणून मी नव्या पालकांना म्हणते किमान तीन मीटिंग करा, पहिल्या मीटिंगला काही बोललात नाही तरी चालेल, आणि निघताना तुमच्याच टप्प्यावरच्या एका तरी आईचा नंबर घ्या. तीन मीटिंगनंतर वाटलं की इथे फक्त रडगाणं आहे किंवा एकच माणूस सगळ्यांना उपदेश करतोय, तर खुशाल सोडा, दुसरा शोधा. ग्रुप चांगला की वाईट हे ओळखायची माझी खूण सोपी आहे, घरी परत येताना तुम्ही थकलेल्या असाल पण हलक्या असाल तर ग्रुप चांगला.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल विचारतीलच कुणीतरी म्हणून सांगते. रात्री अकराला "आज त्याने गोळी थुंकली" असं टाकल्यावर कुणीतरी "मी जागी आहे ताई" म्हणतं, याला मोल आहे. पण औषधाचा डोस, कुठली गोळी बंद केली, कुठल्या पावडरीने मुलगा महिन्यात बरा झाला, असलं काही आलं की तिथे थांबायचं. हा आजार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण गोळ्या मध्येच बंद होणं हेच आहे आणि पहिल्या झटक्यानंतर बरं वाटलं तरी औषध कमीत कमी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालू ठेवावं लागतं, ते कमी करायचं डॉक्टरांनीच ठरवायचं. गोळी घ्यायला रोजची भांडणं होत असतील तर महिन्याने घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, त्या एका बदलाने कितीतरी घरांतली रोजची लढाई संपलेली मी बघितली.

जवळ ग्रुपच नसेल तर? तर तुम्ही काढा. हे ऐकून दडपण येईल, पण आमचा गट चार घरांपासून सुरू झाला होता, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्याचा दुसरा रविवार, चार ते साडेपाच. एका पावसाळ्यात एकदा फक्त एकच आई आली, आम्ही दोघी बसलो, चहा घेतला, दीड तास बोललो आणि मीटिंग झाली असं वहीत लिहिलं. तारीख मोडायची नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण लोक सहा महिने घरातून बघत असतात की हे खरंच चालू राहतं का. नियम आम्ही चारच ठेवले होते. इथलं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, आणि तालुक्याच्या गावात हा नियम फार कडक लागतो कारण कुणीतरी कुणाचं तरी पाहुणं निघतंच. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. औषधाबद्दल कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आणि इथे काही विकायचं नाही, देणगी मागायची नाही. फळ्यावर कार्यक्रम, प्रमुख पाहुणे, सत्कार यातलं काही नको, खुर्च्या गोल मांडायच्या आणि "गेल्या महिन्यात काय झालं" एवढ्या प्रश्नावर सुरू करायचं. तीन-चार महिन्यांतून एकदा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना किंवा सोशल वर्करना बोलवा, तेवढं पुरतं.

तुमच्या मिस्टरांबद्दल. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना वाटत नाही असं नव्हे, बहुतेक वेळा उलटं असतं. बाप माणसाला गोल बसून मनातलं बोलायला बोलवलं की तो येत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मी त्यांना बोलायला बोलवतच नाही, काम देते. आमच्या गटात एक काका वर्षभर बायकोला गाडीवरून सोडायचे आणि बाहेर टपरीवर थांबायचे. एकदा मी बाहेर जाऊन त्यांना विचारलं की अपंगत्वाच्या दाखल्याचं ऑनलाइन कसं करतात ते तुम्ही बघून द्याल का, इथे कुणालाच जमत नाहीये. त्यांनी ते शिकून घेतलं, मग दर मीटिंगला आत बसून एकेकाची कागदपत्रं बघायला लागले, आणि असं पाच-सहा महिने झाल्यावर एका रविवारी फाईल बंद करून म्हणाले, माझा मुलगा माझ्याशी तीन वर्षं बोललेला नाही. त्या दिवशी दुसरं कुणीच काही बोललं नाही. तर तुमच्या मिस्टरांनाही एखादं काम द्या. दाखला खरंच उपयोगाचा आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मानसिक आजार आहे. त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र मिळतं, आणि तपासणीत ४० टक्के किंवा जास्त ठरलं आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर आयकरात ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. मात्र आठ महिन्यांत घाई करू नका, मुलगा अजून सावरतोय, त्याच्याशी बोलून मगच ठरवा. तोवर घरचा मेडिक्लेम बाहेर काढून वाचायला सांगा त्यांना, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचं बंधन कंपन्यांवर घातलंय.

थेरपी कुणाची घ्यायची? इथे जरा नीट वाचा कारण पैसे आणि वर्षं दोन्ही इथेच वाया जातात. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, नंबर असतो, तो मागायला लाजू नका, खरा माणूस लगेच दाखवतो. सायकिॲट्रिक सोशल वर्करचं शिक्षण कुटुंबासोबत काम करण्याचंच असतं. आणि काउन्सेलर हा शब्द मात्र आपल्याकडे कुणीही दारावर लावू शकतो, चांगले काउन्सेलर पुष्कळ आहेत पण शिक्षण काय, आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या घरांबरोबर किती काम केलंय हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जो पहिल्या भेटीत बरं करायची गॅरंटी देतो, जो गोळ्या बंद करा म्हणतो, जो मागच्या जन्मात घेऊन जातो, आणि जो तुमच्या वाढवण्यातली चूक शोधायला बसतो, तिथून उठून या.

तुम्हाला जी हवी तिला फॅमिली सायकोएज्युकेशन म्हणतात, म्हणजे घरच्यांना आजार शिकवणं आणि घरात बोलायचं कसं, भांडण पेटायच्या आत थांबवायचं कसं, आजार उलटायच्या खुणा कशा ओळखायच्या, हे सरावाने शिकवणं. यामागे फार जुना अभ्यास आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काळात बघितलं की हॉस्पिटलमधून घरी गेलेली माणसं काही घरांत लवकर परत आजारी पडतात आणि काही घरांत पडत नाहीत. फरक कशाने पडत होता? सतत टोचून बोलणं, राग-तिटकारा, आणि तिसरं ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, जास्तीची काळजी, म्हणजे श्वास घेऊ न देणारी माया. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की अशा तापलेल्या घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना त्रास जास्त होतो. कृपा करून याचा अर्थ पुन्हा दोष असा घेऊ नका, आजार घरामुळे होत नाही, पण तो किती वेळा उलटेल यावर घरातल्या वातावरणाचा परिणाम होतो आणि ते वातावरण बदलता येतं, शिकता येतं. आता हिशोब करा, तुम्ही आठवड्याला त्याच्यासमोर किती तास असता? बहुतेक शंभर. म्हणून तुम्ही आठवड्यातून दोनदा तासभर बाहेर पडणं, भजनी मंडळाला जाणं, शिवणक्लास पुन्हा सुरू करणं, हे त्याच्या उपचाराचाच भाग आहे, आणि हे मी डॉक्टरांसमोरही म्हणते.

पूर्वी मीही नुसतं म्हणायचे, ताई स्वतःची काळजी घ्या. एका आईने मला शांतपणे विचारलं, "किती वाजता घेऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी नुसतं तसं म्हणणं बंद केलं, आता घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक कागदावर मांडून बसते आणि तो तास शोधते, कधी शेजारच्या काकूंना सांगून, कधी मुलाच्याच मामाला मंगळवार-शुक्रवार बोलावून. तुम्हीही हे वेळापत्रक सोशल वर्करबरोबर बसून करा.

घरच्यांना उपचारात घ्यायची पद्धत परदेशातून आली असं समजू नका. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी जागा कमी म्हणून नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत राहायला लावलं आणि माणसं लवकर सावरून घरी जायला लागली, आणि नातेवाईक घरी जाऊन गावाला आजार समजावून सांगायला लागले. आपल्याकडे आजही माणूस घरातच राहतो, घरच सांभाळतं, ही आपली ताकद आहे, पण त्या घराला शिकवणारं कुणी नसेल तर तेच घर दमून जातं.

प्रत्यक्षात मागायचं कसं, तर डॉक्टरांना पुढच्या वेळी म्हणा, "आम्हा दोघांना अर्ध्या तासाची वेगळी वेळ द्या, फी वेगळी घ्या." पाच मिनिटांच्या ओपीडीत हे होत नाही पण वेगळी वेळ मागितली तर बरेच डॉक्टर देतात. जाताना वहीत तीनच प्रश्न न्या. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे त्याची माहिती गुप्त ठेवायचा त्याला हक्क आहे, काही डॉक्टर म्हणून बोलत नाहीत. त्यावर उपाय असा की मुलगा बरा असताना त्याच्याशी बोलून त्याने तुमच्यापैकी एकाला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून साध्या कागदावर लिहून सही करून द्यावं, २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद आहे, मग उपचाराच्या निर्णयात तुम्ही अधिकृतपणे असता. वेळ आली आणि तो दवाखान्यात जायला तयार नसेल तर त्याच प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. हे आत्ता माहीत असू द्या, रात्री बाराला कायदा कुणी समजावत नाही.

थेरपीच्या पैशांचं म्हणाल तर शहरात एका सेशनला हजार-दीड हजार सहज जातात. तेवढं जमत नसेल तर जिल्हा रुग्णालय आहेच, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा फुकट आहे. तुमच्या एकटीसाठी सहा ते आठ बैठका आणि नवरा-बायको मिळून दोन-तीन, एवढ्याने सुरुवात पुरते. आयुष्यभर थेरपी लागत नाही.

सासरच्यांचं "बाहेरचं बघा". देवाला नमस्कार करायला, कुलदैवताला जाऊन यायला कुणाचीच ना नाही, त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धीर येतो आणि तोही लागतो. पण गोळी बंद करायची नाही आणि मुलाला कुणी हात लावायचा नाही, या दोन गोष्टींवर हटून बसा. तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेली पंचवीसहून जास्त माणसं जागच्या जागी गेली, त्यांनाही घरच्यांनी बरं व्हायलाच नेऊन सोडलं होतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, मोठ्या माणसाला डॉक्टरांनी "आजी, तुम्हीच त्याला वेळेवर गोळी द्या" असं म्हटलं की निम्मा विरोध तिथेच संपतो.

धाकटीला विसरू नका. बारावीचं वर्ष, घरात हा ताण, आणि तिच्या मनात दोन भीती असतात ज्या ती बोलत नाही: मलाही होईल का, आणि तुमच्यानंतर याचं सगळं माझ्यावर येईल का. तिला खरं सांगा. भावाला असला म्हणजे बहिणीला होतोच असं नाही, बहुतेक भावंडांना होत नाही. आणि दादाची जबाबदारी आत्ता तिची नाही, तिचं काम परीक्षा, हे तोंडाने बोलून दाखवा. तिला अभ्यासाला मैत्रिणीकडे किंवा मावशीकडे जायची मोकळीक द्या.

एक सावधगिरी. घरात फवारणीची औषधं असतील तर आजच शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, गोळ्यांचा पूर्ण महिन्याचा साठा त्याच्या हाती देऊ नका. तो मरणाबद्दल बोलला तर विषय बदलू नका, सरळ विचारा, विचारल्याने विचार येत नाही, उलट मोकळं होतं. मग त्याच दिवशी डॉक्टर, किंवा १४४१६, आणि अगदी धोका दिसला तर ११२.

ज्यांच्या घरी दारू किंवा नशा हा मुख्य प्रश्न आहे त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे, पुण्यातलं १९८६ पासूनचं मुक्तांगण आणि घरच्यांसाठी चालणारे अल-अनॉनचे गट तिथून सुरुवात करा, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, लोक विचारतात मुलगा काय करतो. प्रत्येकाला सगळं सांगायचं कर्ज तुमच्यावर नाही. मी पालकांना तीन वाक्यं तयार ठेवायला सांगते. लग्नात भेटलेल्या लांबच्या माणसाला, "तब्येतीमुळे यंदा गॅप घेतलाय, घरीच असतो," आणि लगेच त्यांच्या मुलांची चौकशी करायची. जवळच्या नातेवाइकाला, "त्याला मेंदूचा आजार आहे, उपचार चालू आहेत, बरा होतोय, त्याच्यासमोर विषय काढू नका." आणि तिसरं वाक्य फक्त दोन-तीन माणसांसाठी, ज्यांना मध्यरात्री फोन करता येईल, त्यांना आजाराचं नाव घेऊन सगळं सांगायचं. ही दोन-तीन माणसं कोण, ते आज रात्री मिस्टरांबरोबर बसून ठरवा. आणि त्याआधी मुलाला विचारा, त्याच्याबद्दल बाहेर काय सांगितलेलं त्याला चालेल. आमच्या गटातल्या एका मुलाने आईला सांगितलं होतं, "म्हण की मी सध्या घरी राहून बरा होतोय." ती आई अजूनही तेच वाक्य वापरते.